आखाजी ते आखाजी, जिनिंगमधलं गाणं

आमच्या गाण्याच्या जागेला नाव नाही. बाहेरगावचे बँडवाले पोस्टर करायला बसले की फोन करतात, "ताई, जागेचं नाव काय टाकू?" मी सांगते, "जिनिंग टाक." त्यांना वाटतं मी काहीतरी कलात्मक सुचवतेय. अहो, कसलं कलात्मक आणि कसलं काय! जळगावहून धरणगावकडे निघालं की रस्त्याला लागून एक बंद पडलेलं जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. मशिनं कधीच भंगारात गेली आणि पत्र्याचं लांबलचक शेड तेवढं उरलं. रिक्षावाल्याला "जिनिंग" एवढंच म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडतो, म्हणून नाव जिनिंग.

मी मूळची धुळ्याची. कॉलेजात असताना गिटार हातात घेतली ती लग्न होऊन जळगावला आले तरी सुटली नाही. सासरी नशिबाने दीर निघाला ड्रम वाजवणारा. आमच्या ह्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण माणूस बिचारा वायरी गुंडाळून ठेवतो, प्लग शोधून देतो आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मध्ये बोलत नाही. दीर आणि मी अहिराणीत स्वतःची गाणी करायचो आणि ती जोरात वाजवायचो. वाजवायला जागा मात्र कुठेच मिळायची नाही. मंगल कार्यालयवाला विचारायचा, "गाणं कोणतं?" आम्ही म्हणायचो, "आमचं." तो पुन्हा विचारायचा, "हो, पण कोणत्या पिक्चरचं?" एका मंडळाने तर दुसऱ्याच गाण्याला मेन स्विच बंद केला आणि वर आम्हालाच म्हणाले, लाइट गेली. माझं डोकं असं फिरलं होतं की दिराने मला अक्षरशः ओढत घरी आणलं.

अशात जिनिंगच्या मालकाची गाठ पडली. सगळे त्यांना आबा म्हणायचे. धरणगावकडचे कापूसवाले शेतकरी, जिनिंगच्या मागेच घर, धोतर पांढरं स्वच्छ आणि बोलणं एकदम तिखट. शेड रिकामं पडलंय असं कळल्यावर मी आणि दीर गेलो. मी अहिराणीत बोलले म्हणून असेल, त्यांनी ओट्यावर बसवलं. दिराने मोबाइलवर आमचं एक गाणं लावलं. आबांनी अर्धं ऐकलं आणि म्हणाले, "हाई गाणं शे? मिरचीनी गिरणी बरी." मी उठलेच होते. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "आखाजीलोंग ऱ्हा. पुढनं पुढे दखूत." म्हणजे आखाजीपर्यंत राहा, पुढचं पुढे बघू.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा तिचा मान मोठा. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात, पितरांच्या नावाने घागर भरतात. आणि शेतातल्या सालदाराचं साल त्या दिवशी संपतं. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला शेतमजूर. मालकाला तो पुढच्या वर्षी हवा असेल तर मालक आखाजीच्या आधी स्वतः त्याला सांगतो, साल धर. काही बोलला नाही तर सालदाराने समजून जायचं आणि दुसरं घर बघायचं. भांडण नाही, विचारणं नाही. आबांनी आम्हाला शेड दिलं ते याच रीतीने. करारपत्र करू का म्हटलं तर म्हणाले, आम्ही माणसं ठेवतो ती शब्दावर ठेवतो. तेव्हापासून आमच्या जागेचं आयुष्य आखाजी ते आखाजी असं एकेका वर्षाचं झालं.

पहिला कार्यक्रम आठवला की अजून हसू आवरत नाही. पत्र्याखाली आवाज नुसता घुमत होता, म्हणून पोत्यांमध्ये कवडी भरून ती भिंतींना टांगली. कवडी म्हणजे डागी कापूस, जो बाजारात कोणी घेत नाही. उन्हासाठी मुक्ताईनगरकडच्या एका ओळखीच्या मळ्यातून केळीची वाळलेली पानं टेम्पो भरून आणली आणि पत्र्यावर अंथरली. दारात दोन दिवे लावले. नाशिकहून एक बँड आला होता, चार केस वाढवलेली पोरं. वाजवायला सुरुवात झाली आणि बघते तर काय, जिनिंगमागच्या गल्लीतल्या बाया नवी लुगडी नेसून, पुरुष टोप्या घालून ओळीने आत येतायत. दिवे, पोती, माणसांची ये-जा बघून त्यांची पक्की समजूत झाली होती की साखरपुडा आहे. एका म्हातारीने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "नवरी कोठे शे?" मी म्हटलं, "मावशी, नवरी नाही, गाणं आहे." तिला ते पटलं नाही. आहेर आणलाय तर तो परत कसा न्यायचा? शेवटी गिटारवाल्या पोराला मधोमध उभं केलं आणि टॉवेल-टोपी देऊन त्याचा सत्कार झाला. पोरगं इतकं लाजलं की पुढचं गाणंच विसरलं.

आलेली माणसं उपाशी कशी पाठवायची? आबांची बायको, अक्का, तोवर शेडकडे फिरकली नव्हती. या नाचगाण्याला तिने चांगलंच नाक मुरडलं होतं. पण आहेर घेऊन आलेली माणसं न जेवता चालली म्हटल्यावर तिला राहवेना. अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या, वांगी भाजली, बडग्यात ठेचली आणि भरीत झालं. बडगा म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं. "बठ्ठा जेवाले बसा," सगळ्यांना म्हणाली आणि आत निघून गेली. नाशिकची पोरं तिखटाने नाक पुसत जेवली. त्या दिवसापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक बँड टॉवेल-टोपी घेऊन आणि भरीत खाऊन जातो. इंदूरचे, नागपूरचे बँड मुंबईला जाताना मुद्दाम जळगावला उतरतात. ते म्हणतात, तुमच्या आवाजासाठी येतो. मी म्हणते, खोटं बोलू नका, वांग्यासाठी येता.

आणि गल्लीचं म्हणाल तर ज्यांच्या घरचा आहेर झाला ते आता पाहुणे नव्हते, घरचे झाले होते. घरच्यांची तक्रार कोण करतं? पोलीस एकदा आले तेही कोणी बोलावलं म्हणून नाही, रस्त्यावर गाड्या दिसल्या म्हणून. त्यांना त्या म्हातारीनेच परस्पर सांगितलं की घरचं कार्य आहे. मी जन्मभर तिचे पाय धुऊन पाणी प्यायले तरी कमी आहे.

आबा एकाही कार्यक्रमाला आत आले नाहीत. बाहेर बाज टाकून बसायचे आणि दुसऱ्या दिवशी नावं ठेवायचे. तो लांब दाढीवाला कसाले वरडत होता, त्याले कोनी मारं का, असं. पण दर वर्षी आखाजीला चार-आठ दिवस राहिले की लुनावर बसून यायचे. मागच्याच घरातून यायचं, तरी लुना लागायची. दारात उभं राहून आधी तक्रारींचा पाढा वाचायचे आणि मग म्हणायचे, "बरं. धरा साल." ते दोन शब्द कानावर पडेपर्यंत माझा जीव टांगणीला असायचा. दीर मला चिडवायचा, "वहिनी, सालदारीणबाई, यंदा ठेवतात का काढतात?" मी हातातला फडका त्याच्यावर फेकायचे. टाळेबंदीच्या वर्षी शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं, तरी आबा आमच्या घरासमोर आले. तोंडाला उपरणं बांधून लांबूनच ओरडले, "गाणं नही ते नही, साल ते चालू शे ना?" मी घरात येऊन रडले. कोणासाठी कोण इतकं करतं हो? जो माणूस आमच्या गाण्याला मिरचीची गिरणी म्हणायचा त्याने आम्हाला छप्पर दिलं, आणि देताना कधी उपकाराची भाषा केली नाही.

गेल्या थंडीत आबा गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत मान टाकली. आम्ही सगळे दारावर, म्हणजे सांत्वनाला गेलो, गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटायच्या विधीला गेलो, मी अक्काजवळ बसले. ती रडली नाही, नुसती लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत होती. शेडचा विषय तिथे काढणं शक्यच नव्हतं आणि मनातही आला नाही. कार्यक्रम मात्र आम्ही बंद ठेवले. मालकाच्या घरात दुःख आणि आपण ढोल बडवायचा, हे कुठल्या तोंडाने करणार?

मग आखाजी जवळ आली. त्याच सुमाराला एक दिवस शेडवर गेले तर दोन माणसं टेप लावून जमीन मोजत होती. विचारलं तर म्हणाले, लग्नाच्या लॉनसाठी बघतोय, आबांच्या मुलाने बोलावलंय. मुलगा पुण्याला असतो. आता सगळा भरवसा एका शब्दावर होता. आबा नाहीत तर अक्का सांगेल, कोणाच्या तरी हाती निरोप धाडेल, "धरा साल." मी वाट बघायला लागले. दारात लुना वाजली की उठून बघायचे, मग आठवायचं की ती लुना आता कोण चालवणार. आखाजी दोन दिवसांवर आली. निरोप नाही.

दीर म्हणाला, "वहिनी, जाऊन विचारून तर ये. मागेच तर घर आहे."

"मी? मी का विचारू?" माझा पारा चढला. "रीत माहीत नाही का तुला? मालक बोलला नाही म्हणजे समजायचं. सालदार कधी विचारायला जातो का? दुःखात बसलेल्या बाईच्या दारात जाऊन मी माझी जागा मागू? एवढी वाईट वेळ नाही आली माझ्यावर."

"अगं, पण ती..."

"पण नाही नि बिण नाही. पोती उतरव."

खरं सांगते, राग नव्हता तो, भीती होती. अक्का तोंडावर नाही म्हणाली असती तर मला सोसलं नसतं. माझी आई गेली, भाऊ सुरतेला राहायला गेला, धुळ्याच्या घराला कुलूप लागलं. आखाजीला जायला मला माहेर नाही. इतकी वर्षं त्या दिवशी मी जिनिंगलाच येऊन बसायचे. ते गेलं तर जायचं कुठे, हा विचारच मला करवत नव्हता. म्हणून पोती उतरवू लागले. कामाला हात लागला की विचार थांबतात.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत अर्ध्या भिंती उघड्या झाल्या. कापूस नाकातोंडात जात होता, उकाडा मी म्हणत होता. दीर तोंड पाडून ड्रमचे स्क्रू सोडत होता, आमचे हे वायरी गुंडाळत होते. तेवढ्यात दारात सावली पडली. बघते तर अक्का. आबा गेल्यापासून घरातून बाहेर पडायची तिची ती पहिलीच वेळ. मागे तिच्या दोन्ही लेकी. त्यांना घ्यायला कोणी गेलं नव्हतं, दुःखाच्या सालात कोण जाणार? आपापल्या सासरहून आपल्या आपण आल्या होत्या.

अक्काने उघड्या भिंती बघितल्या, खाली पडलेली पोती बघितली.

"हाई काय चालू शे?"

मी म्हटलं, "अक्का, निरोप आला नाही, म्हणून..."

"निरोप?" ती अशी काही ओरडली की दिराच्या हातातून पाना खाली पडला. "दुखना घरना मानसे कोनले बलावतस का? आपलं आपण येनं पडस. या दोन्ही उन्यात ना? तू काबर नही उनी? चार दिन झाये, वाट दखी ऱ्हायनू."

मालकाच्या निरोपाची रीत मी इतकी घट्ट धरून बसले होते की दुसरी रीत माझ्या ध्यानातच आली नाही. दुःखाच्या घरातून बोलावणं जात नसतं, आपण जायचं असतं. ती बोलवेना आणि मी जाईना. दोघींनी आपापली रीत इमानाने पाळली आणि मधल्यामध्ये जिनिंग मोडायला निघालं. धाकटी लेक तोंडावर पदर धरून हसायला लागली. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं.

मी हळूच विचारलं, "आणि तो लॉनवाला?"

"पोरगा रस्तानं वावर विकस. त्याना वाटा शे, इको." शेडशेजारचं रस्त्याकडचं शेत त्याच्या वाट्याचं, ते तो विकतोय तर विको. "शेड मना नावले शे." शेड तिच्या नावावर होतं.

"मग अक्का, साल..."

"कसानं साल?" ती माझ्याजवळ आली. माझ्या केसांत कापूस अडकला होता तो चिमटीने काढला. "तू काय सालदार शे का?"

तिथेच रडू कोसळलं मला. आमचे हे सुद्धा वायर सोडून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इतक्या वर्षांत मी या जागेचे किती आभार मानले असतील, स्टेजवरून, पोस्टरवर, मुलाखत घ्यायला आलेल्या पोरांसमोर. पण ज्या बाईचे मानायचे तिचे राहूनच गेले होते. तेव्हाही मानता आले नाहीत. मी नुसती तिचा हात धरून उभी राहिले.

मग अक्काने खरं काम सांगितलं. यंदा घरात झोका बांधायचा नव्हता. दुःखाच्या सालात आखाजीचा झोकाही नसतो आणि गाणीही नसतात. थोरली लेक लहानपणापासून अंगणातल्या लिंबाखाली झोक्यावर गायची. गावात तिच्यासारखा आवाज नाही म्हणायचे. बाप गेल्यापासून ती धड बोलतही नव्हती. अक्का म्हणाली, "घरले दुख शे. शेडले नही. पोरीले आठे गाऊ दे."

मी गल्लीतल्या बायांना सांगायला धावले. दिराने स्क्रू परत आवळले. पोती लावायला वेळच नव्हता, अर्ध्या भिंती तशाच उघड्या राहिल्या.

आखाजीला सकाळी घरात आबांच्या नावाची घागर भरली. मी लेकींबरोबर बसून आमरस-पोळी जेवले. तिसऱ्या प्रहरी सगळ्या बाया शेडमध्ये जमल्या. पोस्टर नव्हतं आणि बाहेरगावचं कोणी नव्हतं. माइक थोरलीला नको होता. दिराने काठ्या बाजूला ठेवल्या आणि नुसत्या तळव्याने ताल धरला. मी एकच तार छेडत राहिले. ती गायला लागली आणि मला लाज वाटली, की मी इतकी वर्षं कुठून कुठून बँड बोलावत होते आणि हा आवाज माझ्या कापसाच्या पोत्यांपलीकडे, मागच्याच अंगणात होता. कोणी लिहिलेलं नाही, कोणी विकलेलं नाही, बाईने झोक्यावर बसून स्वतःचं सुखदुःख जोडत नेलेलं गाणं. आम्ही जे करायला धडपडत होतो ते हेच तर होतं.

गाण्यात लेक सासरी बसून माहेरच्या वाटेकडे बघते. धूळ उडते, गाडी दिसते. गाडीत कोण, तर काका नाही, भाऊ नाही. आता शब्द यायचा होता तो बाप. थोरली तिथे आली आणि थांबली. पुन्हा मागची ओळ घेतली, पुन्हा तिथेच थांबली. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. दिराचा हात ड्रमवर थांबला. शेडमध्ये पत्रा तडतडत होता तेवढंच ऐकू येत होतं.

अक्का दारात उभी होती. आबांसारखीच तीही आत आली नव्हती. नवरा गेलेल्या बाईने त्या सालात गायचं नसतं हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं आणि अक्काला सगळ्यांपेक्षा जास्त. तिने पदर डोक्यावर नीट घेतला, उंबरा ओलांडून आत आली आणि मोठ्याने, घोगऱ्या आवाजात, ओळ पुरी केली. गाडीतून बाप उतरला. मग लेकीने तिच्या आवाजात आवाज मिळवला आणि दोघी पुढे गात राहिल्या.